धुतलेल्या बाटल्या

चष्मेवाला दुकान लवकर बंद करून घरी आला, तेव्हा ओट्यावर चार बाटल्या उघड्याबोडक्या उभ्या होत्या आणि त्यांची लेबलं पातेल्यातल्या साबणाच्या पाण्यात तरंगत होती.

"केवढी धूळ होती त्यांच्यावर," बायको पदराला हात पुसत म्हणाली. "जजसाहेब हातात घेणार, म्हटलं धुऊन ठेवाव्यात."

"अगं, पण कुठली कुठली आहे, ते आता कसं कळायचं?"

"कसं म्हणजे? चाखून. घोटभर घेतली की माती कळते, असं तुम्हीच सांगत असता ना येईल त्याला?"

यावर बोलायला त्याने जागाच ठेवली नव्हती. वाइन-रसिक मंडळात शिरण्यासाठी तो कित्येक वर्षं जीव टाकत होता. मंडळाचा रिवाज असा, की उमेदवाराने स्वतः वाइनऱ्या पालथ्या घालून चार ठिकाणच्या बाटल्या आणायच्या आणि अध्यक्षांना घरी बोलावून कुठल्या मातीने कुठल्या वाइनला काय गुण दिला, ते समजावून सांगायचं. एकदा नापास झालेल्याला पुन्हा दार उघडत नसे. अध्यक्ष होते निवृत्त जजसाहेब, आणि ते सपत्नीक येण्याच्या वाटेवर होते.

"काही बिघडत नाही," त्याने बाह्या सरसावल्या. "आत्ता ओळखतो."

चारही वाइन लाल, चारही बाटल्या एका घाटाच्या. पहिलीत त्याला नदीकाठचा मऊपणा जाणवला. दुसरीत तो जास्तच जाणवला, म्हणून पहिलीची रवानगी डोंगरावर झाली. तिसरी चाखल्यावर पहिली पुन्हा खाली उतरली. चौथीनंतर चारही जणी एकाच नदीच्या काठावर येऊन बसल्या.

बायकोनेही चारही चाखल्या. "मला तर सगळ्या सारख्याच आंबट लागतात. मग त्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मळमळ सोसत आपण हिंडलो कशाला हो?"

त्याला मनापासून लाज वाटली. तक्त्यावरची अक्षरं दिसत नसताना ठोकून देणारी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत. आज आपणही त्यांच्यातलेच, हे त्याला कळून चुकलं. पण लाजत बसायला वेळ नव्हता. कपाटातली डिंकाची बाटली काढून दोघांनी हाताला येईल ते लेबल हाताला येईल त्या बाटलीवर चिकटवलं. तेवढ्यात बेल वाजली.

"बाटल्या अगोदरच उघडल्या?" जजसाहेबांनी बसता बसता विचारलं. बाटल्या बऱ्याच खाली गेल्या होत्या, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नसावं.

"हवा लागू दिली, साहेब."

"उत्तम. हल्ली एवढं कोण करतं?"

त्या शाबासकीने चष्मेवाल्याला कंठ फुटला. नदीकाठचा गाळ, डोंगरावरचा खडक, पठारावरचा वारा, असं तो बोलत सुटला. जजसाहेब डोळे मिटून मान डोलवत होते. "हा दगडाचा वास," ते एका घोटानंतर म्हणाले, "डोंगराशिवाय येणं नाही." आणि कौतुकाने त्यांनी ती बाटली उचलली.

खाली ठेवली तेव्हा डोंगर त्यांच्या तळहाताला चिकटलेला होता.

बायको जमिनीकडे बघू लागली. चष्मेवाल्याने मनातल्या मनात मंडळाला रामराम ठोकला. जजसाहेबांनी ते ओलं लेबल सावकाश सोडवलं आणि समोरच्या भलत्याच बाटलीवर, तिच्या आधीच्या लेबलावरच, अंगठ्याने नीट दाबून बसवलं. मग त्या बाटलीतला घोट घेतला.

"बघा," ते म्हणाले, "दगड अजून रेंगाळतोय. तुम्ही पुढच्या बैठकीपासून यायला लागा."

खरं सांगून टाकावं, असं चष्मेवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सभासदत्वही तोंडाशी आलं होतं, म्हणून त्याने खरं तेवढं गिळून टाकलं.

रिकामे पेले घेऊन बायको स्वयंपाकघरात गेली, तशा जजसाहेबांच्या पत्नीही मागोमाग आल्या. ओट्यावर पातेलं होतं, त्यात साबणाचं पाणी होतं, शेजारी डिंकाची बाटली होती. बाईंनी सगळं शांतपणे पाहून घेतलं.

"डिंक नाही हो टिकत," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी मैद्याची खळ करा. आमच्याकडे यांच्या वेळी तीच वापरली होती."