उंदीर पकडणारी पट्टी

"पोतंभर पिठावरून उंदराची शेपटी नुसती फिरून गेली असली ना, तरी माझी पट्टी सांगेल!" मेहुण्याच्या बेकरीत पाऊल टाकताच जावईबापूंनी जाहीर केलं. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पण ते प्रयोगशाळेत संशोधक होते आणि न मागता सल्ला देणं हाच त्यांचा आजवरचा मोठा शोध होता.

यंत्र काडेपेटीएवढं. त्यात खोचायची सोनेरी पट्टी. पट्टीवर उंदराच्या डीएनएचा एक धागा चिकटवलेला. नमुन्यात त्याचा जोडीदार सापडला की पट्टीतला विजेचा प्रवाह बदलायचा आणि यंत्र कोकलायचं.

जावईबापूंनी पाण्यात चिमूटभर पीठ बोटानेच ढवळलं आणि थेंब पट्टीवर सोडला. यंत्र कोकललं!

"उंदीर!" जावईबापू असे ओरडले, की गिऱ्हाइकं हातातले पाव टाकून रस्त्यावर!

"भाओजी, हळू! इथे रोज झाडलोट होते हो—"

"विज्ञानाला झाडलोट सांगतोस?"

मेहुण्याने रडवेल्या तोंडाने मळलेला सगळा मैदा कचऱ्यात टाकला. मग साखर तपासली. उंदीर! लोणी. उंदीर! जावईबापूंचा चेहरा स्वतःच्या लग्नातही इतका खुलला नव्हता.

"बेकरी कसली, बीळ आहे हे! टाळं ठोक!"

मेहुण्याने खरंच शटर अर्धं ओढलं. तेवढ्यात त्याची ताई, म्हणजे जावईबापूंची बायको, खाली वाकून आत आली. तिने पाण्याची सीलबंद बाटली उघडून पुढे केली. "हे तपासा."

जावईबापूंनी बोटावर पाणी घेऊन पट्टीवर थेंब टाकला. यंत्र कोकललं!

"अहो, उंदीर आत शिरून बूच लावून बसला होता का?"

"कारखान्यातच गेला असेल..."

"सकाळी लॅबमध्ये काय करत होतात?"

"उंदरांचे नमुने."

"हातमोजे?"

"घाम येतो गं त्यात."

"हात तरी धुतलेत?"

जावईबापू छताकडे बघू लागले. तिने स्वतः नवी पट्टी खोचली आणि बाटलीतलं पाणी थेट तिच्यावर टाकलं. यंत्र गप्प. मग वाटीभर पाण्यात नवऱ्याचं बोट बुडवलं आणि त्यातला थेंब दुसऱ्या पट्टीवर सोडला. यंत्र असं कोकललं, की थांबेचना!

"बघा!" जावईबापूंची छाती फुगली. "म्हटलं नव्हतं, माझी पट्टी चुकत नाही म्हणून?"

मेहुणा रिकाम्या परातीकडे बघत राहिला. शटरखालून एका बाईंनी भीत भीत डोकं आत घातलं.

"काय हो, सापडला का उंदीर?"

"सापडला," तो म्हणाला. "काय करणार! आमच्या ताईला दिलाय."