मेहुण्याचं विमान

घरात कुणी रडायला लागलं की मला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. हा माझा जुना आजार आहे. (वडील गेले तेव्हा मी दिवसभर कंदिलाची वात सारखी करत बसलो होतो.) म्हणून पासष्ट सालच्या लढाईत माझी सासू अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन रडायला लागली, तेव्हा मी कपाटावरचं खोकं खाली काढलं आणि मेहुण्याचं विमान जोडायचं ठरवलं. एवढंच. बाकी सगळं त्या एका बेतातून उद्भवलं, आणि त्यात माझं मरणही आलं.

मेहुणा म्हणजे गुणवंत, माझ्या बायकोचा, वच्छलेचा, धाकटा भाऊ. विमानदलात होता. विमान चालवायला नव्हे, इंजिनं दुरुस्त करायला. दर्यापूरकडच्या शेतातून उठून पोरगा थेट पंजाबातल्या विमानतळावर गेला होता. मागच्या सुट्टीत येताना त्याने ते खोकं आणलं. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाने त्याला देऊन टाकलेलं. झाकण चेपलेलं, वरचं चित्र कधीच फाटून गेलेलं, आत प्लॅस्टिकचे चिमुकले भाग काड्यांना लटकलेले. सगळे नीट जोडले की वीतभर लांबीचं लढाऊ विमान होतं म्हणे. "भाऊजी, याले हात नोका लावू. पुढच्या सुट्टीत दोघं मिळून जोडू," असं बजावून तो गेला.

पुढची सुट्टी आली नाही, लढाई आली. गुणवंताची पत्रं बंद झाली. सासूबाई (मी त्यांना मामी म्हणतो) गावाहून आमच्याकडे आल्या त्या आमच्या प्रेमापोटी नव्हे, आमच्याकडे रेडिओ होता म्हणून. प्रत्येक बातमीपत्र संपलं की त्या विचारत, यात गुणवंताचं नाव होतं काय. नव्हतं असं सांगितलं की थोडा वेळ बरं, मग पुढच्या बातम्यांपर्यंत डोळ्यांना पदर. जेवण जवळजवळ सुटलं होतं. शेवटी मी त्यांना समजावलं, की गुणवंत विमानात बसतच नाही, तो जमिनीवर असतो, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

"बॉम्ब कुठी पडते मंग?" मामी म्हणाल्या.

मी उठून कपाटावरचं खोकं खाली काढलं. वच्छला म्हणाली, पितृपक्ष आहे, नवीन काम हाती घेऊ नका. मी म्हटलं, नवीन कुठे, खोकं चांगलं जुनं आहे.

जुनं होतं हे खरंच. आतल्या डिंकाच्या नळीचा खडा झाला होता. बिल्ल्यांचे आणि चिन्हांचे रंगीत कागद पाण्यात भिजवून चिकटवायचे होते. ते पाण्यात टाकले आणि त्यांचा भुगा होऊन वर तरंगला. सूचनांचा कागद वाळवीने बहुतेक वाचून संपवला होता. मी भाग कात्रीने कापण्याऐवजी पिरगळून तोडले, त्यामुळे जिथे तिथे खुंट राहिले. ते ब्लेडने तासताना विमानापेक्षा अंगठाच जास्त तासला गेला. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. त्याने दोन भाग चिकटत, पण त्याआधी माझी बोटं चिकटत. तरी पंख लागले, शेपटी लागली, चाकं लागली. विमान जमिनीवर ठेवलं, आणि ते नाक वर करून बूड टेकून बसलं.

पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. नाकात आधी वजन भरायला हवं होतं, हे मला सगळं चिकटवून झाल्यावर कळलं. मामी खाटेवरून बघत होत्या. कित्येक दिवसांनी त्यांनी बातम्यांखेरीज दुसऱ्या कशासाठी तोंड उघडलं. "पोटात दाना नाई तं उभं राहीन कसं ते?" असं म्हणून त्या उठल्या, मूठभर ज्वारी आणली आणि विमानाच्या नाकाला पुढे भोक होतं त्यातून एकेक दाणा आत सोडायला लागल्या. वरून मी एक नटही सरकवला आणि भोकात कापूस कोंबला. विमान तीन चाकांवर उभं राहिलं. उचललं की खुळखुळा वाजे, पण उभं राहिलं. त्या दिवशी मामी अर्धी भाकर जेवल्या, आणि वच्छलेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लग्नानंतर तसं पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

मग आम्हा दोघांना चेवच चढला. रंग मामींकडेच होता. नुकत्याच झालेल्या पोळ्यात बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे त्यांनी येताना आणले होते. (लढाई चालू असताना माणूस घरातून काय उचलून आणेल याचा नेम नाही.) पंखांवर केशरी, पांढरे, हिरवे गोल मी काढले. ते गोल नव्हते, पण देशाचे होते. मामींनी विमानाच्या कपाळाला कुंकू लावलं.

राहिला आत बसणारा माणूस. करंगळीच्या नखाएवढा वैमानिक. मामींनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, हा गुणवंत. मी पुन्हा सांगायला गेलो की गुणवंत विमानात बसत नाही, तर त्यांनी विचारलं, मंग हा कोन हाये? मी म्हटलं, ठीक आहे, गुणवंत. तो इतका गोरा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून मी त्याला गव्हाळ केला. मिशी पाहिजे, म्हणून वच्छलेच्या काजळाची मिशी काढली. शिंगाचा रंग वाळायला वेळ लागतो. वाळल्यावर त्याला आत बसवायचा आणि वरून काचेचं झाकण चिकटवायचं, म्हणजे पोरगं सुखरूप बंदिस्त, असा आमचा हिशेब होता. मी त्याला डब्याच्या झाकणावर उभा करून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवला.

त्याच दिवशी सासऱ्यांची तिथी होती. मुलगा लढाईवर, म्हणून पानाचं काम जावयाकडे आलं. वडे, कढी, गवारीची भाजी, खीर असं पान मी कठड्यावर ठेवलं आणि सगळे हात जोडून उभे राहिलो. कावळा आला. पानाभोवती दोन उड्या मारल्या, वड्याकडे पाहिलं, खिरीकडे पाहिलं, मान वाकडी करून पलीकडे पाहिलं, आणि गुणवंताला चोचीत धरून उडाला.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. मामी त्या कावळ्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

"बापानं नेलं त्याले," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून खाली गेल्या.

तेव्हापासून त्या रडायच्याही थांबल्या. रेडिओ लावला तर म्हणत, बंद करा, आता काय ऐकायचं. मी त्यांना सांगितलं, की कावळ्याला काजळाचा वास आवडला असेल. की कावळा चमकणारी कुठलीही वस्तू नेतो. त्या ऐकून घेत, जसं आपण वेड्याचं ऐकून घेतो. लढाई थांबल्याची बातमी आली. सगळी राजापेठ रस्त्यावर आली, मामी खाटेवरून हलल्या नाहीत. आणि मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की सर्वपित्री अमावस्येला दोन पानं ठेवायची. एक त्याच्या बापाचं आणि एक गुणवंताचं.

वच्छला मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. जिवंत माणसाच्या नावाने पान ठेवायचं, आणि त्याला कावळा शिवला, तर आई उरलेला जन्म काय समजून काढेल हे तिने मला सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं. वर हेही सांगितलं, की विमान कुणी काढलं होतं खाली, ते ध्यानात असू द्या. "त्या पानाले कावळा नाई शिवला पाहिजे. कसंही करा."

अमावस्येला मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला छत्री घेऊन दबा धरून बसलो. सगळी अमरावती त्या दिवशी कावळ्यांना काव काव करून बोलवत होती, आणि मी एकटा त्यांना हाकलत होतो. सासऱ्यांचं पान कावळ्यांनी लगेच उरकलं. मग मोर्चा दुसऱ्या पानाकडे वळला. मी छत्री उघडली, मिटली, फिरवली. दोघंतिघं मागे हटले. त्यांच्यातला एक मात्र मागे हटायच्या जातीचा नव्हता. तो सरळ माझ्या अंगावर आला, डोक्यावर बसला, टकलावर एक चोच मारली आणि निवांत उडून गेला.

गुणवंताच्या पानाला कावळा शिवला नाही. मला शिवला.

शेजारचे खुशालराव हे गच्चीवरून बघत होते. बडनेऱ्याला रेल्वेत तारबाबू होऊन निवृत्त झालेला माणूस. (सगळ्या आयुष्यात त्याने दुसऱ्यांच्या वाईट बातम्या टिकटिकवल्या होत्या.) ते तसेच आमच्याकडे आले. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण टळायला मेल्याची खोटी तार करायची, नातेवाइकांनी एकदा रडून घ्यायचं, मग दोष निघतो, हे त्यांनी मला समजावलं. दुसऱ्या दिवशी जिवंत असल्याची तार करायची. मी म्हटलं, हा अडाणीपणा आहे, मी मॅट्रिक झालेलो आहे. खुशालराव म्हणाले, मॅट्रिक झालेलेही मरतात.

तार कुणाला करायची? अकोल्याला माझे थोरले बंधू भगवंतराव होते, त्यांना एक. दुसरा पत्ता वच्छलेने सांगितला, तो गुणवंताच्या तळाचा होता. मी तिला हळूच विचारलं, त्याला कशाला.

"मेल्याची तार भेटली का मानूस रडते," ती म्हणाली. "तो जिवंत असन, तं रडन."

यानंतर मला माझ्या मरणाबद्दल तक्रार करता येईना. खुशालरावांनी दोन्ही तारा मोठ्या आवडीने केल्या. भगवंतराव दुसऱ्या तारेची वाट न बघता दुपारच्या गाडीने रडत आले, मी दार उघडलं तेव्हा संतापले, जेवले आणि संतापलेलेच परत गेले. गुणवंताला मात्र वच्छलेने दुसरी तार करूच दिली नाही. मी चहा मागितला तरी ती माझ्याकडे अशी बघे, की मी उगाच जिवंत राहून तिच्या कामात अडथळा आणतो आहे.

नवरात्रात एका सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. रस्त्यावरून एक बारीक मनुष्य खांद्यावर पिशवी घेऊन आला, माझ्यासमोर थांबला, आणि माझ्या अर्ध्या फेसाळलेल्या तोंडाकडे बघून मटकन पायरीवर बसला. त्याच्या डाव्या कानावर पट्टी होती आणि डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. गुणवंत होता. तळावर बॉम्ब पडले तेव्हा तो इंजिनाखाली होता. दवाखान्यातून त्याने पत्रं लिहिली होती, ती कुठे फिरत होती देव जाणे. (ती दिवाळीच्या सुमारास एकदमच आली.) माझ्या मरणाची तार दाखवल्यावर त्याला लगेच रजा मिळाली होती.

मामी बाहेर आल्या. त्यांनी त्याच्या तोंडावरून, कानावरून, त्या हातावरून हात फिरवला. बोटं गेली होती तिथे त्यांचा हात बराच वेळ थांबला. मग त्या जे रडल्या ते पाहून मला उठून काहीतरी दुरुस्त करावंसं वाटलं, पण मी जागचा हललो नाही. रडणं ओसरल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "जावईबापू, तुमी मेले ते लय चांगलं केलं."

रात्री जेवायला बसण्याआधी गुणवंताने फळीवरचं विमान पाहिलं. उजव्या हाताने उचललं. आतली ज्वारी वाजली. त्याने ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि एकदम त्याचं तोंड उतरलं. माझे गोल त्याला आवडले नसावेत असं वाटून मी रंगाबद्दल माफी मागितली.

"भाऊजी, हे आपलं विमान नाई," तो म्हणाला. "हे त्याईचं हाये. असंच आलं होतं आमच्यावर."

म्हणजे आम्ही शत्रूच्या विमानाला ज्वारी भरवली होती आणि कुंकू लावलं होतं. मामींनी विमानातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"मंग कावळ्यानं बराबर मानूस नेला," त्या म्हणाल्या. "कावळा कधी चुकत नाई."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. पटल्यावर मात्र माझा हात आपोआप टकलाकडे गेला, आणि मी विचारलं, की मग तो माझ्या डोक्यावर बसला होता, त्याचं काय.

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. वच्छलाही बघायला लागली. गुणवंताने विमान खाली ठेवलं.

"वच्छले," मामी म्हणाल्या, "जावईबापूले खीर वाढ व. चांगली वाटीभर वाढ."