संचालक मंडळाचं वॉलेट

पाटसच्या बाळासोंनी एका रविवारी ठरवलं, की आपलं क्रिप्टो आता नीट सांभाळून ठेवायचं. एवढंच. त्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

मागे कुणाच्या तरी नादानं घेतलेली ती फोनमधली, हाताला न लागणारी नाणी एकाएकी बरीच वर गेली होती. तेव्हापासून बाळासोंना काळी बुलेट दिसायला लागली होती. तिच्यावर बसून साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आपल्या क्लार्कच्या खुर्चीपर्यंत रुबाबात जायचं, हे त्यांचं स्वप्न. (सध्या ते बायकोच्या गुलाबी स्कूटीवर जात. रुबाबाला तिथं वाव नव्हता.)

यवतला शाळूसोबती सिद्दीकचं मोबाइलचं दुकान होतं. बाळासो तिथं जाऊन बसले.

"आधी तुझी गरज सांग," सिद्दीक म्हणाला. "रोज घे-वीक करणार?"

"न्हाई."

"मग ऑनलाइन वॉलेट नको, चोरी हुती. पेनड्राइव्हसारखं येतंय, ते घे."

"ते हारवलं तर?"

"पासवर्डासारखे बारा शब्द मिळत्यात, ते जपायचे."

"ते बी हारवले तर?"

"मग पैसं गेलं."

"कुठं गेलं?"

"कुठंच न्हाई. तिथंच असत्यात. फक्त आपल्याला मिळत न्हाईत."

बाळासोंना घाम फुटला. सिद्दीकनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शेवटचा पर्याय काढला. "पाच जणांचे फोन जोडायचे. कुणीबी प्रस्ताव टाकायचा. पाचातल्या तिघांनी मंजुरी दिली, तरच पैसं हलणार."

सकाळपासून पहिल्यांदाच बाळासोंना काहीतरी समजलं. "म्हंजी संचालक मंडळ!"

घरी बायकोला, सविताला, नाण्यांचा सुगावा लागलाच होता. 'घरातला पैसा घरात इचारून खर्चायचा' असा तिचा धोशा चालू होता. आता सगळ्यांना विचारल्यासारखंही होणार होतं आणि होणार होतं बाळासोंच्या मनासारखं. एक ते स्वतः, दुसरा शिरूरला राहणारा धाकटा भाऊ ज्ञानेश, तिसरी आई सोजरबाई. झालं बहुमत! विरोधात सविता आणि लेक तेजश्री. सोजरबाई आणि सविता या सासू-सुनांचं लग्नापासून आजवर आमटीतल्या मिठावरसुद्धा एकमत झालं नव्हतं, त्यामुळे फूट पडायचा प्रश्नच नव्हता. तेजश्रीनं पाचही फोन जोडून दिले. बाळासोंनी स्वतःला चेअरमन जाहीर केलं आणि बुलेटचा प्रस्ताव टाकला.

ज्ञानेशची मंजुरी शिरूरहून लगेच आली. (सुट्टीला बुलेट त्यालाच मिळणार होती.) राहिला सोजरबाईंचा अंगठा.

"आये, हितं टेकव."

सोजरबाईंनी टेकवला. ओळख पटली नाही, असं फोन म्हणाला.

"खुरपून खुरपून रेघा झिजल्यात रं," सोजरबाई म्हणाल्या. "रेशनच्या दुकानात बी आसंच हुतंय."

बाळासोंनी अंगठा साबणानं धुतला. खोबरेल लावलं, पुसलं, फुंकर घातली. फोन ढिम्म. जोडताना तर पहिल्या फटक्यात लागला होता! ते फोन घेऊन पुन्हा यवतला गेले.

"फोन बराबर हाय," सिद्दीक म्हणाला. "अंगठा घेऊन ये."

आईचा अंगठा दुरुस्तीला कुठं टाकायचा, या विचारात बाळासो दोन रात्री तळमळले. आणि एके दिवशी ऑफिसात फोन वाजला: तीन मंजुऱ्या पूर्ण, व्यवहार झाला. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"आये, लागला का अंगठा?"

"लागला की! टेकवायचा अवकाश."

"आता गाडी कवा यायची?"

"सविता म्हणती, शनवारी टेम्पो येतुय."

बाळासोंनी अख्ख्या टाइम ऑफिसाला पेढे वाटले. शनिवारी ते हार, नारळ आणि कुंकू घेऊन दारात उभे राहिले. शेजारचेही जमले. टेम्पो आला, खोकं उतरलं, पुठ्ठा फाटला आणि आतून निघालं पांढरंशुभ्र कमोड.

"माझी बुलेट कुठाय?" बाळासो ओरडले.

"तुमचा प्रस्ताव पडून हाय तसाच," सविता म्हणाली. "ह्यो माझा मंजूर झालाय. मी, तेजू आन् आत्याबाई."

"आजी तुमच्या येळंला अंगठ्याची कड टेकवत होती, पप्पा," तेजश्री हसू दाबत म्हणाली.

बाळासोंनी आईकडे पाहिलं. सोजरबाई जराही ओशाळल्या नव्हत्या. "गुडघं गेल्यात माझं. खाली बसलं की उठाया येत न्हाई. तुला किती डाव सांगितलं, तू म्हंतुस बघू. रोज सकाळी ही सविता मला धरून उठीवती. तिच्याशी भांडती मी, पर उठीवती तीच."

बाळासोंना मनापासून लाज वाटली. एका घरात राहून आपल्याला हे दिसलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. (बुलेटचंही वाटलं. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.)

"उबा का? घाल की हार," सोजरबाई म्हणाल्या. "चेअरमन हायस न्हवं तू?"

बाळासोंनी हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेजश्रीनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लगोलग ज्ञानेशचा शिरूरहून फोन आला.

"दादा, फोटू बघितला. झ्याक हाय. ॲव्हरेज किती देतंय?"