तिसरा आग्रह

फोन वाजला तेव्हा ब्रिटा टॉलफसनचे दोन्ही हात पिठात होते आणि सासूबाई आर्लिस शेजारच्या घरातून सहज म्हणून आल्या होत्या. त्या रोजच सहज येतात. ब्रिटाने कोपराने फोन चालू केला आणि स्पीकरवर टाकला.

“ब्रिटा? मी टेक्सासहून रमोना किंटाना बोलतेय. अभिनंदन! भूल देण्याच्या कोर्सला तुमची निवड झालीय. बोला, जागा घेताय ना?”

या एका फोनसाठी ब्रिटाने जिवाचं रान केलं होतं. वर्षानुवर्षं आयसीयूत नर्स म्हणून उभी राहिली, सुट्टीच्या दिवशी पुस्तकं घेऊन बसली, आणि दोन ठिकाणी अर्ज केले. एक कोर्स जवळचा, घरून गाडीने जाऊन-येऊन करता येईल असा. पण तिथे शिकाऊ डॉक्टरांचीच इतकी गर्दी, की नर्सच्या वाट्याला बाजूला उभं राहून बघणंच जास्त. टेक्सासला मात्र घरदार उचलून जायचं, पण तिथे लवकरच स्वतःच्या हाताने भूल द्यायची, तीही लहान गावांच्या दवाखान्यांत, जिथे मदतीला दुसरं कुणी नसतं. ब्रिटाला नेमकं तेच हवं होतं. आमच्या नॉर्डबीतली भूल देणारी एकुलती एक नर्स निवृत्त झाली, तेव्हापासून अडलेल्या बाळंतिणीला बर्फातून शहर गाठावं लागतं. मागच्या महिन्यात एक बाळंतीण बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून शहराकडे निघाली आणि बाळ वाटेतच जन्मलं. ती गाडी ब्रिटाचा नवरा लायल चालवत होता, म्हणून बाळाचं नावही लायल. पण बारसं छान झालं म्हणून गावाची अडचण थोडीच सुटते! शिकून परत यायचं आणि गावातच ते काम करायचं, एवढंच ब्रिटाच्या डोक्यात होतं.

इतकं सगळं पोटात असताना ही बाई फोनवर काय म्हणाली?

“अय्या, नको हो! माझ्यापेक्षा लायक किती जण असतील.”

आता यात तिचं काही चुकलं असं मिनेसोटात कुणी म्हणणार नाही. आमच्याकडे कॉफी विचारली तरी पहिल्यांदा ‘नको’ म्हणतात, दुसऱ्यांदा ‘उगीच त्रास कशाला’ म्हणतात आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’ म्हणून दोन कप पितात. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर हावरट असतो, नाही तर बाहेरगावचा.

“काय सांगता! नक्की नको?” किंटानाबाईंचा आवाज पडला.

“खरंच नको. तुम्ही विचारलंत, त्यातच सगळं आलं,” असं म्हणून ब्रिटाने हात पुसले आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली.

“ठीक आहे, तुमची मर्जी. शुभेच्छा!”

फोन बंद झाला.

“छान बोललीस हो,” आर्लिस म्हणाल्या. “घरंदाज बोललीस. आता करेल ती परत.”

“आई, तिने फोन ठेवला!”

“ठेवू दे की. कुणीतरी दारात आलं असेल. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय राहतं का कुणी?”

दुपार गेली, संध्याकाळ गेली. ब्रिटा फोन घेऊन खोल्यांतून फिरत होती.

“मीच करू का हो तिला?”

“अगंबाई! स्वतःच्या तोंडाने मागायचं? उद्या लोकांच्या ताटातलं उचलशील!”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ब्रिटा धावली, पण फोन जवळच्या कोर्सच्या लॉर्ना एकडाल मॅडमचा होता. त्यांनीही तिला निवडलं होतं. ब्रिटाने मन घट्ट केलं. पुन्हा वर्षभर थांबायची वेळ आली तरी चालेल, पण बाजूला उभं राहून बघण्यात जन्म घालवायचा नाही. तिने स्पष्ट सांगितलं,

“मॅडम, मला ती जागा नकोय.”

“हो गं हो. पण घे की!”

“नाही, खरंच नको. दुसऱ्या कुणाला द्या.”

“किती तो विनय! तुझ्यासाठीच ठेवलीय. घे बघू आता, लाजू नको.”

“मॅडम, मी अगदी मनापासून नको म्हणतेय हो!”

“मनापासूनच म्हणतात गं सगळे. घातलं मी तुझं नाव. सासूबाईंना सांग, सुनेला वळण फार चांगलं आहे.”

हवी होती ती जागा हातची गेली आणि नको होती ती गळ्यात पडली. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटण्याला नाही म्हणायची सोयही राहिली नाही. आर्लिसना मात्र आनंद लपवता येईना. मुलगा-सून गावातच राहणार! त्यांनी फक्त आपल्या बहिणीला कळवलं, आणि नॉर्डबीत तेवढं पुरतं. दुपारपर्यंत पाद्रीबाबांच्या बायकोपासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळ्या जणी अभिनंदनाला आल्या. प्रत्येकीच्या हातात हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या पदार्थाचं, गरम भांडं. ब्रिटाने प्रत्येकीला दोनदा नको म्हटलं आणि प्रत्येकीने ते तिसऱ्यांदा ओट्यावर ठेवलंच. शेवटी ओव्हनवरही जागा उरली नाही.

लायल कामावरून आला, भांड्यांकडे बघितलं, बातमी ऐकली आणि म्हणाला, “छान झालं.” मग गळ उचलला आणि गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या लाकडी खोपटात मासे धरायला निघून गेला.

छान झालं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं ब्रिटाला कळत होतं. एक हॉटडिश कोटाखाली धरून ती त्याच्या मागे बर्फावरून चालत गेली. खोपटात लहानशी शेगडी पेटली होती. लायल मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकाकडे बघत बसला होता.

“लायल, मी मूर्ख आहे. टेक्सासची जागा मला हवी होती आणि मी नको म्हणून बसले.”

“मलाही हवी होती,” लायल भोकाकडे बघतच म्हणाला.

“काय?”

“टेक्सास. वीस वर्षं बर्फ ढकलतोय. एकदा तरी फेब्रुवारीत सदऱ्यावर फिरावं, असं वाटायचं.”

“मग मी विचारलं तेव्हा का नाही म्हणालास? ‘जायचं का’ म्हटलं तर ‘इथेच बरंय’ म्हणालास! एकदा नाही, दोनदा!”

“दोनदा,” लायल दुखावल्या आवाजात म्हणाला. “दोनदाच विचारलंस. मी आपला तिसऱ्यांदा कधी विचारतेस, त्याची वाट बघतोय नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून.”

ब्रिटाला हसावं की त्याला त्या भोकात ढकलावं, ते कळेना. आयसीयूच्या धावपळीत तिने स्वतःच्या नवऱ्याशी तेच केलं होतं, जे त्या टेक्सासच्या बाईने तिच्याशी केलं.

“आणि बर्फाचा एवढा वीट आलाय, तर सुट्टीत बर्फावर येऊन का बसतोस?”

“इथे आई येत नाही.”

ब्रिटाने हॉटडिश त्याच्या मांडीवर ठेवला आणि फोन काढला. तिचे कान लाल झाले होते. जन्मात पहिल्यांदा ती काहीतरी स्वतःहून मागणार होती.

“किंटाना मॅडम? मी नॉर्डबीहून ब्रिटा. काल मी नको म्हटलं, पण आमच्याकडे नकोचा अर्थ नको असा नसतो. म्हणजे असतो, पण तिसऱ्यांदा. जागा गेली का हो?”

पलीकडून बाई कडाडल्या, “अहो, चाललंय काय तुमच्या राज्यात? वेटिंगवरच्या पुढच्या मुलाला विचारलं, तोही तुमच्याकडचाच. तो म्हणे, कुणातरी लायक माणसाला द्या. मी फोन करते तेव्हा लोक आनंदाने किंचाळतात हो! आणि तुम्ही दोघं… आता एकदाच विचारते. हवीय का जागा?”

इतक्या वर्षांचं वळण ते! ब्रिटाच्या तोंडून आपोआप “अय्या, न…” एवढं निघालंच. लायलने तिचा हात असा दाबला, की त्याच्या हातातला खायचा काटा खाली बर्फावर पडला.

“हवी!” ती ओरडली. “हवी, हवी, हवी!”

“तीनदा कशाला? एकदा पुरे,” बाई म्हणाल्या.

राहता राहिल्या लॉर्ना मॅडम. ब्रिटाने त्यांना नकार दिलाच नाही, फक्त सांगितलं, “मॅडम, मी दुसरीकडे हो म्हणून बसलेय.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” लॉर्ना मॅडम म्हणाल्या. “असू दे. माझ्या वेटिंगवर एक मुलगा आहे, बिचारा दोनदा नको म्हणालाय. लगेच लावते त्याला तिसरा फोन.”

आर्लिसना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वा, छान झालं.” मग घरी जाऊन दार लावून घेतलं, आणि दोन दिवस सहजसुद्धा आल्या नाहीत.

मे महिन्यात बर्फ वितळलं, सामान ट्रकवर चढलं. निरोप द्यायला आर्लिस आपल्या दारात उभ्या राहिल्या. निरोप म्हणजे आमच्याकडे तासाभराचं काम. हवामान झालं, रस्ते झाले, मग सगळ्यांची गुडघेदुखी झाली.

“आई, तुम्हीपण चला ना थोडे दिवस,” ब्रिटा म्हणाली.

“नको गं. तुमच्या दोघांत मी कशाला?”

“चला हो.”

“नको नको. माझं इथे बरं चाललंय.”

लायलने ट्रक सुरू केला. “झालं, दोनदा विचारलंस. बस आता आत,” तो दातांतून म्हणाला. “आजपासून आपल्याला टेक्सासचा नियम.”

ब्रिटा आत बसली. ट्रक हलला. आरशात आर्लिस दिसत होत्या. हात पुसून, मान थोडी पुढे काढून नुसत्या उभ्या. घरात जात नव्हत्या, हातही हलवत नव्हत्या. त्या उभं राहण्याची ब्रिटाला पुरती ओळख पटली. बंद झालेल्या फोनसमोर ती स्वतः अशीच उभी होती.

“थांबव,” ती म्हणाली.

“ब्रिटा, नको. मी पाया पडतो तुझ्या.”

ती उतरून मागे पळत गेली. “आई, चला. खरंच चला.”

“बरं बाई, तू इतका आग्रह करतेस म्हणून,” आर्लिस म्हणाल्या. दाराआडून त्यांनी भरलेली बॅग, उशी आणि फडक्यात बांधलेला गरम हॉटडिश काढला आणि येऊन थेट खिडकीजवळ बसल्या. ब्रिटा सरकून मधे बसली. लायलने गिअर टाकला.

“किती दिवस राहशील, आई?”

“छे रे, अर्धाच महिना!” आर्लिस म्हणाल्या आणि बॅगेतून बाहेर लोंबणारी नाताळच्या दिव्यांची माळ हळूच आत सरकवली.