कुलूपरावांचा फवारा

डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा रोज मारायला सांगितला आणि कुलूपरावांनी तो जपून वापरायचं ठरवलं. झालं एवढंच. पण एवढ्याशा निर्णयापायी एका चांगल्या घरातली बाई बॅग भरून बहिणीकडे निघाली होती, म्हणून सांगायचं.

कुलूपराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं ते स्टोअरकीपर होते, आणि हे नाव त्यांना कामगारांनी बहाल केलं होतं. मागणीपत्राशिवाय त्यांच्याकडून साधा नट सुटायचा नाही. एकदा खुद्द मालक बल्ब मागायला आले, तर यांनी "गेलेला बल्ब आणून दाखवा" म्हणून परत पाठवलं. (मालकांनी मुकाट्याने आणून दाखवला.) असा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं नाकही घरी बसलं.

नाक काय वर्णावं! घर चौकात, दुसऱ्या मजल्यावर. खाली बसगाड्यांचा धूर, समोर नव्या इमारतीचं बांधकाम. सकाळी पुसलेली खिडकीची कड दुपारी बोट फिरवलं की काळी. अशा हवेत कुलूपरावांचं नाक दिवसभर एकतर वाहायचं, नाहीतर चोंदायचं, आणि मधल्या वेळात शिंकायचं. एक शिंक कधी आलीच नाही. सात-आठ-नऊ अशी माळ लागायची, आणि शेवटच्या शिंकेला खालच्या मजल्यावरचे आजोबा "अरे, संपलं का?" म्हणून ओरडायचे.

"हा फवारा रोज सकाळी," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "शिंक येवो न येवो. दोन आठवडे नेमाने घ्या, मग गुण दिसेल. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा. पांघरुणं गरम पाण्यातून काढा."

"शिंक नसताना फवारा?" कुलूपरावांनी घरी येता येता बायकोला विचारलं. "म्हणजे मशीन बिघडलेलं नसताना स्पेअर पार्ट द्यायचा? कुठल्या कारखान्यात चालतं असं?"

त्यांनी बाटली बेडरूममधल्या भिंतीतल्या छोट्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि शेजारी एक वही टांगली. पाचवी शिंक आली की किल्ली शोधायची, वहीत तारीख-वेळ लिहायची, सही करायची आणि मग एक फवारा. तोवर नववी शिंक होऊन गेलेली असायची आणि नाक आपोआप थांबायचं. मग ते समाधानाने बाटली परत ठेवत. "बघ, वाचला!"

त्यातून, औषधांच्या डब्यात तीन वर्षांपूर्वीची एक अर्धी बाटली सापडली. जुना माल आधी संपवायचा, हा स्टोअरचा पहिला नियम. त्या बाटलीतून फवाऱ्याऐवजी नुसता उसासा बाहेर पडायचा, तरी हे आठवडाभर तो उसासा नाकात ओढत बसले. शेवटी बायकोने ती बाटली केराच्या टोपलीत घातली आणि वर कांद्याची सालं टाकली.

एरवी तिने हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण यंदा तिचं नशीब उघडलं होतं. तिचा आवाज फार गोड. तीस वर्षं तिने शाळेत मुलांना धडे वाचून दाखवले, आणि आता एका कंपनीने तिला अख्खी कादंबरी वाचायला दिली होती. कानांनी ऐकायचं पुस्तक! रेकॉर्डिंग घरीच, बेडरूममधल्या मोठ्या कपाटात. चहूबाजूंनी साड्या आणि घोंगड्या टांगून, दार लावून ती आत बसायची आणि वाचायची. कुलूपराव बाहेर पलंगावर बसून ऐकायचे. (आयुष्यात कुठलीही गोष्ट फुकट मिळतेय याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.)

आणि नेमकं नायिकेने प्रियकराला पत्र लिहायला घेतलं, की बाहेरून "आऽऽछूं!"

पहिली सहा प्रकरणं कंपनीच्या ध्वनीवाल्याकडून परत आली. "ताई, वाचन अप्रतिम. पण तिसऱ्या मिनिटाला घरात काही कोसळलं का?"

सातवंही परत आलं, तेव्हा बायकोने बॅग काढली.

"मी ताईकडे जाते. पुस्तक होईपर्यंत. महिना, फार तर दीड."

"दीड महिना?" कुलूपराव पलंगावरून उठले. "मी जातो ना बाहेर."

"बाहेर गेलात की दुप्पट शिंकत परत येता. अहो, पहिलंवहिलं काम आहे माझं. पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत नाही दिलं, तर दुसरीकडून वाचून घेणार आहेत ते."

ती रागावली असती तर परवडलं असतं. पण ती रडवेली झाली होती, आणि आपल्या नाकाने तिच्या नाकी नऊ आणलेत हे कुलूपरावांना दिसत होतं. लाज वाटली त्यांना, अगदी खरीखुरी. ते नुसतेच बॅगेचं हँडल धरून उभे राहिले.

साडी काढायला मोठं कपाट उघडताना तिची नजर छोट्या कपाटाशेजारच्या त्या वहीवर गेली. तिने पान उलटलं. दुसरं उलटलं.

"दोन महिन्यांत नऊ फवारे?"

"शिल्लक भरपूर आहे," कुलूपराव अभिमानाने म्हणाले.

तिने बॅग खाली ठेवली, एक कोरा कागद घेतला आणि स्वच्छ शिक्षकी अक्षरात लिहिलं: 'मागणीपत्र. माल: नाकाचा फवारा. प्रमाण: रोज सकाळी, दोन्ही नाकपुड्यांत. मुदत: पुढील सूचनेपर्यंत. कारण: उत्पादन ठप्प.' खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

कुलूपरावांनी तो दोनदा वाचला. चूक काढायला जागा नव्हती. रीतसर मागणीपत्र आल्यावर माल अडवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"फवाऱ्याच्या कपाटाची किल्ली?" बायकोने हात पुढे केला.

त्यांनी दिली. एकोणतीस वर्षांत प्रथमच.

मग काय विचारता! रोज सकाळी फवारा. रोज मिठाचं पाणी. (पहिल्या दिवशी ते एका नाकपुडीत घालून दुसरीतून यायच्या ऐवजी घशात उतरलं आणि कुलूपरावांनी मोरीतूनच मृत्युपत्राची भाषा केली.) घोंगड्या उकळत्या पाण्यात गेल्या, खिडक्या बंद झाल्या, केर झाडूने काढायचा बंद होऊन ओल्या फडक्याने सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दिवसाला चाळीस शिंका होत्या. दुसऱ्याच्या शेवटी सहा. मग तीन. खालचे आजोबा काळजीने वर येऊन गेले, सगळं बरं आहे ना म्हणून. प्रकरणांमागून प्रकरणं पार पडली.

पंचवीस तारखेला शेवटचं प्रकरण उरलं, आणि समोरच्या इमारतीत फरशी कापायचं मशीन सुरू झालं. पांढऱ्या धुळीचे लोट चौकात शिरले. त्यात बेडरूमच्या खिडकीची खिट्टी ऐन वेळी निखळली.

"मी धरतो खिडकी," कुलूपराव म्हणाले. "तू वाच."

"नाकाचं काय?"

"नाकाचं मी बघतो!"

चाळीस मिनिटं तो माणूस फटीत ओला टॉवेल कोंबून, दोन्ही हातांनी खिडकी दाबून उभा होता. बाविसाव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याशी मुंगी चालल्यासारखं झालं. डोळे पाणावले. आत नायिका शेवटचे श्वास मोजत होती, बाहेर हे मोजत होते. मुंगी वर चढली, थबकली, आणि परत गेली! शेवटचं वाक्य संपलं. आत शांतता पसरली. कुलूपरावांना राहवलं नाही. त्यांनी खिडकी सोडली, कपाटाचं दार उघडलं आणि आरोळी ठोकली,

"जिंकलो! एकही नाही! नाक कोरडं ठणठणीत!"

बायको हसली, रडली, तिने त्यांच्या नाकाचा चक्क मुका घेतला, आणि त्याच आनंदात रेकॉर्डिंग बंद करून प्रकरण पाठवून दिलं.

चार दिवसांनी ध्वनीवाल्याचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"ताई, साहेब एकदम खूश! पुढचं पुस्तकही तुमचंच. आणि शिंक एकही नाही."

कुलूपरावांची छाती फुगली.

"फक्त ते गृहस्थ कोण?"

"कुठले गृहस्थ?"

"असं बघा, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तुम्ही अर्धा मिनिट शांतता सोडता ना? मधल्या मोकळ्या जागा भरायला मी तीच वापरतो. या वेळी शेवटच्या प्रकरणातली घेतली, न ऐकता. शांतताच ती, ऐकायची काय? आता नायिकेच्या आईला ताप चढतो, तिथे एक गृहस्थ 'जिंकलो' म्हणून ओरडतात. वडील घर सोडून जातात, तिथे 'नाक कोरडं ठणठणीत'. एकूण चौतीस ठिकाणी आहेत ते. काढतो मी, काळजी नको. तेवढी अर्धा मिनिट नवी शांतता पाठवा."

फोन ठेवून बायकोने पदर तोंडात कोंबला. हसून झाल्यावर तिने कुलूपरावांची चप्पल दारात आणून ठेवली.

"जरा खाली जाऊन उभे राहा."

"अगं, पण मी आता शिंकत नाही!"

"तेच तर. शिंकायच्या आधी तुमचं तोंड वाकडं तरी व्हायचं, मला समजायचं. बोलायच्या आधी काहीच होत नाही."