दाजींनी गिळलेला खिळा

"अहो, खिळा तर नाही ना गिळलात?"

बायकोने हे विचारलं तेव्हा दाजी हातोडी बाजूला ठेवून छाती चोळत होते. समोर एका जुन्या सोफ्याला नवं कापड अर्धवट चढलं होतं. सोफे दुरुस्त करणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची, म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक ओठांवर आणायचा. दुकानात हाताखाली काम करणारा मेहुणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली होती.

गेले काही दिवस जिना चढताना दाजींची छाती आवळून यायची. बसलं की कळ थांबायची. बायको रोज म्हणायची, "डॉक्टरांना दाखवू या." दाजी रोज म्हणायचे, "गॅस आहे." माणसाच्या छातीत गॅस सोडून दुसरं काही असतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आणि डॉक्टरकडे गेलं की तो काहीतरी शोधून काढल्याशिवाय सोडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आज मात्र बसल्या जागी दुखत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

"खिळा?" दाजींनी जिभेने सगळं तोंड चाचपलं. तोंड रिकामं होतं. शेवटचा खिळा ठोकला की गिळला, काही केल्या आठवेना. त्यांना दरदरून घाम फुटला.

"अगं, गेला! आत गेला! इथे अडकलाय बघ!"

बायको तोवर फोन घेऊन बाहेर पळाली होती. तिच्या जागी मागच्या खोलीतून मेहुणा धावत आला. कोणी संकटात सापडलं की या मेहुण्याला उत्साहाचं भरतं यायचं.

"दाजी, अजिबात घाबरायचं नाही. केळं खा. खिळा केळ्यात गुंडाळला जातो आणि गुपचूप खाली सरकतो."

दाजींनी केळं खाल्लं. खिळा सरकेना. दुसरं खाल्लं.

"जबडा दुखतोय रे."

"इतकं चावल्यावर दुखणारच की. थांबा, दुसरा उपाय आहे."

मेहुण्याने जमिनीवर सांडलेले खिळे गोळा करायचं मोठं लोहचुंबक आणलं आणि ते दाजींच्या पोटावरून गळ्याकडे ओढायला सुरुवात केली. छातीपाशी चुंबक खटकन चिकटलं.

"सापडला!" मेहुणा ओरडला.

चुंबक शर्टाच्या खिशातल्या कात्रीला चिकटलं होतं.

"ते फेक तिकडे आणि दार उघड," बायको आत येत म्हणाली. "ॲम्ब्युलन्स आलीय."

हॉस्पिटलात दाजींना बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांच्या आधी आत घेतलं. खिळ्याला एवढा मान मिळतो हे पाहून त्यांना जरा बरं वाटलं. पण नर्सने शर्ट उघडून छातीवर वायरी चिकटवायला घेतल्या तसे ते भडकले.

"अहो, हे काय चालवलंय? एक्स-रे काढा. खिळा आहे, खिळा!"

"काढू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जबडा दुखतो?"

"केळी खाल्ली ना."

"घाम कशाने आला?"

"तुम्ही एकदा खिळा गिळून बघा, मग कळेल."

"हातात कळ येते?"

"हातोडीचं काम आहे बाई. हात दुखायचाच."

"हातोडी कुठल्या हाताने मारता?"

"उजव्या."

"आणि दुखतोय कुठला?"

दाजींनी उजवा हात पाहिला. मग डावा पाहिला. कळ डाव्यात होती. मशीनमधून कागद सरकत होता आणि तो पाहून डॉक्टरबाईंची धावपळ सुरू झाली होती. दाजींनी बायकोकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. आता मात्र दाजी खरोखर घाबरले.

"मरतो का गं मी?"

"गप्प पडा," बायको म्हणाली आणि त्यांचा दुखरा हात घट्ट धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पलंगाशी आल्या. "हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती, ती उघडलीय. आणखी उशीर केला असतात तर कठीण होतं. छातीत दुखणं कधी गॅसचं असतं, कधी अवघडलेल्या स्नायूचं. पण छाती आवळते, कळ हातात-जबड्यात जाते, घाम फुटतो, तेव्हा ते काय आहे हे आम्हाला ठरवू द्या. सोफ्यावर बसून ठरवू नका."

"आणि खिळा?"

"खिळाबिळा काही नाही," म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

"मग तो गेला कुठे?" दाजींनी बायकोला विचारलं.

"सोफ्यात. तुम्ही ठोकलात. मी समोरच उभी होते."

"मग मला विचारलंस कशाला?"

"नुसती छाती दुखते म्हणून उठला असतात?"

दाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. नसते उठले.

"म्हणजे चक्क फसवलंस! तुझ्या त्या भावाने मला केळी चारली, चुंबक फिरवलं!"

"ती अक्कल त्याची. माझी नाही."

दाजींचे डोळे भरून आले. "बरं केलंस," ते म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "पण डॉक्टरबाईंना यातलं बोलू नकोस हं. अब्रू जाईल माझी."

"त्यांना सगळं ठाऊक आहे. ॲम्ब्युलन्स बोलावतानाच फोनवर छातीचं सांगितलं होतं मी." बायकोने त्यांचं पांघरूण नीट केलं. "खिळा तेवढा तुम्हा दाजी-मेहुण्यांपुरताच होता."