नऊ इंचांची वीत

क्वार्टरबॅकची वीत, म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर, किमान नऊ इंच भरली पाहिजे, असा आमच्या क्लबचा नियम आहे. नियमपुस्तिकेत तो कलम चार, पोटकलम ब म्हणून नोंदलेला असून त्यापुढे ‘अनुभवाधारित’ असा शेरा आहे.

मी ऑरिन स्टॅडलर. ओहायोतल्या मिलर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघासाठी कॉलेजातले क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून डाव चालवणारे गडी, पारखण्याचं काम मी बावीस वर्षं करतो आहे. दर एप्रिलला सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात, आणि मागच्या मोसमात जो सर्वांत जास्त हरला त्याला पहिली पाळी मिळते. आम्हाला बहुतेक वेळा पहिली पाळी मिळते. यावरून माझ्या कामाची प्रत वाचकांच्या लक्षात आली असेल.

हा नियम कोणी केला ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही. तो मी केला. अकरा वर्षांपूर्वी माझ्या शिफारशीने घेतलेल्या एका क्वार्टरबॅकने डिसेंबरच्या बर्फात एकाच सामन्यात पाच वेळा चेंडू हातातून पाडला. दुसऱ्या दिवशी आढावा बैठकीत क्लबच्या मालकीणबाई, हुल्डा ब्रँडवोल्ड, यांनी कारण विचारलं. खरं कारण असं होतं की त्या पोराला निवडताना मला काही कळलं नव्हतं. पण बैठकीत असं उत्तर देण्याची पद्धत नाही. बाईंनी कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरला होता. त्याच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं की पोराचा हात लहान पडला. सगळ्या खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडाभरात कलम छापून आलं. नऊ हा आकडा टायपिंग करणाऱ्या बाईंनी सुचवला. अपूर्णांक आला की ओळ वाकडी होते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुढे ही बातमी फुटली. मिलर्सना काहीतरी गुपित सापडलं आहे अशा समजुतीने आणखी चार क्लबांनी नियम उचलला. एकाने तर आमच्याहून काकणभर कडक दिसावं म्हणून सव्वानऊ केला. बैठकीत हजर असलेली माणसं हळूहळू निवृत्त झाली, मालकीणबाईंच्या डोक्यातून तो दिवस गेला, आणि नियम तेवढा राहिला.

मग टोबायस रेनफ्रो आला.

गेल्या ऑक्टोबरात आयोवातल्या एका छोट्याशा कॉलेजच्या मैदानावर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. बोचरा पाऊस होता, बाकांवर दोनशे माणसंही नव्हती. तीन धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना हा पोरगा पाय रोवून उभा राहिला, आणि चाळीस यार्डांवर पळणाऱ्या जोडीदाराच्या छातीशी त्याने चेंडू अलगद नेऊन ठेवला. मी वही मिटली आणि नुसता बघत बसलो. कित्येक वर्षांनी मला माझं काम आवडलं. आणखी चार सामने मी स्वतःच्या गाडीने जाऊन पाहिले. घरी बायकोला म्हणालो, हा मिळाला तर मी ताठ मानेने निवृत्त होईन.

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळ्या उमेदवारांची मापं घेतात. रेनफ्रोची वीत नऊ इंचांना एक सूत कमी भरली.

“पोरगा गुणी आहे रे,” आमचा जनरल मॅनेजर थर्मन पिकार्ड मला म्हणाला. “पण हात नाही.”

“थर्मन, तो फेकतो कसा ते तरी बघ.”

“बघितलं. म्हणून तर जीव तुटतोय. पण कलम काय असंच आलंय का? कुणीतरी बसून अभ्यास केला असेल ना, लेका.”

अभ्यास कुणीही केलेला नाही, मी मगाकडे बघून बोललो होतो, एवढं सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मग बावीस वर्षांच्या पारखीची किंमत एका मगाएवढी झाली असती. म्हणून मी सभ्य मार्ग पत्करला आणि फेरमोजणीचा अर्ज केला.

फेरमोजणीसाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. दरम्यान एजंटाच्या सल्ल्यावरून रेनफ्रोने तीन आठवडे तळहाताला मालिश करून घेतलं आणि नखं कापली नाहीत. त्यामुळे नख हा हाताचा भाग आहे की कसं, हा प्रश्न उपस्थित झाला. उपसमितीने दोन बैठका घेऊन ‘नख हे हातास संलग्न असले तरी हात नव्हे’ असा निर्वाळा दिला. नखं कापली गेली. मग तीन वेळा मोजून सरासरी काढायची ठरली. पण मालिशने आणि ताणण्याने हात सुजला होता, बोटं पसरेनात. सरासरी दोन सूत कमी आली. अहवालात नोंद झाली की उमेदवाराचा हात आक्रसत आहे. याच वेगाने तिशीपर्यंत काय उरेल, या चिंतेने पिकार्डला ग्रासलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये रेनफ्रो बर्फाच्या पिशवीत हात घालून बसला होता.

“सर, एक विचारू?”

“विचार की.”

“तीनदा बोलावलंत मला. अजून कुणी हातात चेंडू दिला नाही.”

“मोजणी चालू आहे ना, बाळा.”

“चेंडू हातात मावतो का, ते चेंडू देऊनच कळेल ना, सर?”

मी त्याला समजावलं की तू अजून लहान आहेस, मोठ्या क्लबांच्या कामाची पद्धत तुला हळूहळू कळेल. त्याने मान हलवून पिशवीतला बर्फ सारखा केला.

एप्रिलात निवडीच्या दिवशी पहिली पाळी रीतसर आमची होती. नाव कळवायला दहा मिनिटं मिळतात. सहा मिनिटं झाल्यावर ब्रँडवोल्ड बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की हा आयोवाचा मुलगा आपल्यालाही आवडला आहे. मग त्यांनी विचारलं, “हा नऊ इंचांचा नियम नक्की कुणाच्या अनुभवावरून केलाय? इथे कुणाला माहीत आहे का?”

चौदा माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी उठून उभा राहिलो. हीच वेळ होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “नियम अनुभवाधारित आहे.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

मी खाली बसलो. मला स्वतःची किळस आली, आणि हायसंही वाटलं. खरं सांगायचं तर हायसं जास्त वाटलं.

आम्ही लँडिस क्वेडला घेतलं. त्याची वीत पावणेअकरा इंच. त्याच्या मुठीत गेलेला चेंडू कुणालाही हिसकावून घेता येत नाही. तो त्याच्या मुठीतून सुटतही नाही, हे जुलैत सराव सुरू झाल्यावर लक्षात आलं. रेनफ्रोला पाचव्या फेरीत शेजारच्या राज्यातल्या संघाने उचललं, आणि नोव्हेंबरात भुरभुरत्या बर्फात त्याने आम्हाला एक्केचाळीस विरुद्ध तीन असं धुऊन काढलं. सामना संपल्यावर तो मैदान ओलांडून माझ्यापाशी आला.

“सर, माझ्यासाठी फेरमोजणी मागणारे तुम्ही एकटेच होतात असं एजंट सांगत होता,” माझा हात हातात घेऊन तो म्हणाला. “मी विसरणार नाही.”

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशातही सवयीने अंदाज घेतला गेला: त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.

सोमवारी आढावा बैठक झाली. असा मुलगा आपल्या हातून सुटला कसा, असं बाईंनी विचारलं. या खेपेला सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी गाडीत दोनदा तालीमही केली होती. मी तोंड उघडलं.

“मॅडम,” मी म्हणालो, “हात लहान असला की फेकताना चेंडू चटकन सुटतो.”

खोलीने पुन्हा सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडाभरात कलमात दुरुस्ती झाली: ‘किमान’ऐवजी ‘कमाल’ वाचावे. क्वेड एका ओळीत अपात्र ठरला. नव्याने स्थापन झालेल्या हस्तमापन विभागाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली असून हाताखाली दोन सहायक आहेत.

हे सगळं मी पश्चात्तापाने लिहितो आहे. तुम्ही माझ्यावर पोटभर हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त वाचता वाचता मध्येच कुठेतरी तुम्ही उजवा हात पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक नजर टाकलीत, आणि वीत पुरेशी भरली असं वाटून तुम्हाला जरा बरं वाटलं. कशासाठी पुरेशी, हे तुम्हीही विचारलं नाहीत.